नावाला कापडी: सांगलीच्या बाजारातल्या प्लास्टिकच्या पर्यायांची झाडाझडती

सांगलीत हरभट रोडला साडी घ्या, गणपती पेठेत साबुदाणा घ्या, नाहीतर मिरजेच्या लक्ष्मी मार्केटात चपला घ्या. माल ज्या पिशवीतून हातात पडतो ती बहुतेक एकाच जातीची असते. लाल, निळी किंवा मोरपंखी, पातळ, हाताला किंचित खरखरीत, आणि डोळ्याजवळ धरली तर अंगभर बारीक ठिपके दाबलेले. दुकानदार तिला कापडी म्हणतो, गिऱ्हाईकही कापडी समजूनच घेतं. तिच्यात कापसाचा एक धागा नसतो.

वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन बारीक छिद्रांतून शेवेसारखं पाडतात, त्या तारा एकमेकींवर पसरतात आणि तापलेल्या नक्षीदार रुळाखालून काढतात. रूळ दाबतो तिथे तारा चिकटतात. अंगावरचे ठिपके ते हेच. विणकाम कुठेच नाही, म्हणून नाव नॉन वोव्हन. खताचं पोतं ज्या प्लास्टिकचं असतं त्याच प्लास्टिकची ही पिशवी, फक्त दिसायला मऊ.

ओळखायला पेटती अगरबत्ती पुरते. नॉन वोव्हनला टेकवली की लगेच भोक पडतं, कडा आत ओढल्या जातात आणि गार झाल्यावर तिथे टणक, चकचकीत मणी लागतो. सुती कापड काळं पडून धुमसतं, जळक्या कागदासारखा वास येतो आणि बोटाने चोळलं की राख हाताला लागते. राख आणि मणी दोन्ही सापडले तर ते मिश्र कापड. मीटरवर सुती म्हणून तेही खपवलं जातं. दुकानात अगरबत्ती लावत बसता येत नाही, तिथे कडा बघा. नॉन वोव्हनच्या स्वस्त पिशवीला शिवण नसतेच, यंत्राने डागल्यासारखी ठिपक्यांची ओळ असते.

वजनाचीही एक परीक्षा आहे आणि ती घरातल्या साध्या काट्यावर होते. देशभरात ३० सप्टेंबर २०२१ पासून ६० जीएसएमपेक्षा हलक्या नॉन वोव्हन पिशव्यांना बंदी आहे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. बिनाकळीची, म्हणजे बाजूला घडी नसलेली, ३५ बाय ४० सेंटिमीटरची पिशवी घेतली तर दोन बाजू मिळून ०.२८ चौरस मीटर होतात. ६० ने गुणलं की १६.८ ग्रॅम. दांड्यांसकट पिशवी १७ ग्रॅमच्या आत भरली तर ती नियमातही बसत नाही. पाच पिशव्या एकदम काट्यावर ठेवून पाचाने भागा, आकडा नेमका येतो.

बरं, जाड असली तर चालेल का? तात्पुरती चालेल. पण पॉलिप्रॉपिलीनला ऊन सोसत नाही. गॅलरीच्या खिळ्याला किंवा स्कूटरच्या हुकाला टांगून ठेवलेली पिशवी काही महिन्यांत ठिसूळ होते, चिमटीत धरली की भुगा पडतो. हा भुगा उचलताही येत नाही आणि कुजतही नाही. धुवायला जावं तर तारा सुटून लव धरते. घरात आधीच साठल्या असतील तर कपाटात, सावलीत ठेवून फाटेपर्यंत वापरा. नवी मात्र पैसे देऊन घेऊ नका, फुकट मिळाली तरी परत करा.

भावांचं इथे लिहीत नाही. गणपती पेठेत एकाच मालाचे दोन दुकानांत तीन भाव ऐकू येतात, त्यामुळे लिहिलेला आकडा महिनाभरही टिकणार नाही.

मांजरपाट

घेण्यासारखी पिशवी म्हणजे मांजरपाटाची. न धुतलेलं, न रंगवलेलं जाडं सुती कापड. विटा आणि इचलकरंजी दोन्हीकडे यंत्रमाग असल्यामुळे आपल्याकडे ते मीटरवर सहज मिळतं. तयार पिशवी घेण्यापेक्षा कापड आणून शिंप्याकडे दिलेलं बरं, कारण तयार मालात काटकसर नेमकी चुकीच्या जागी केलेली असते.

हिशेब असा. ९० सेंटिमीटर पन्ह्याचं एक मीटर कापड उभं मधोमध कापलं की ४५ सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर लांब असे दोन तुकडे निघतात. तुकडा मध्यावर दुमडला की तळाला शिवणच लागत नाही, म्हणजे तळ उसवायचा प्रश्न मिटला. तोंडाशी तीन सेंटिमीटर पट्टी दुमडली आणि दोन बाजूंच्या शिवणी धरल्या तर सुमारे ४२ बाय ४६ ची पिशवी होते. एका मीटरमध्ये दोन पिशव्या. दांड्यांना त्याच कापडाच्या चिंध्या जोडू नका, सुती नाड्याची पट्टी घ्या: एका दांडीला ६० सेंटिमीटर, दोन पिशव्यांच्या चार दांड्या, म्हणजे २ मीटर ४० सेंटिमीटर. अडीच मीटर आणा.

कापड आणलं की लगेच शिवायला टाकू नका. मांजरपाटाला खळ असते, शिवाय पहिल्या पाण्यात ते आटतं. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी चोळून खळ काढा, वाळवा, मग द्या. न भिजवता शिवलेली पिशवी पहिल्या धुण्यात आखडते, नाडा मात्र त्या मानाने आटत नाही, आणि तोंड वाकडं होतं.

शिंप्याला दोन गोष्टी सांगायच्या. बाजूची शिवण दुहेरी हवी: आधी सुलट बाजूने अर्धा सेंटिमीटरवर टीप, मग पिशवी उलटून त्या कडा आत घेत पुन्हा टीप. आत दोरे सुटे राहत नाहीत, धने-जिऱ्याचे दाणे अडकत नाहीत. दुसरं, दांडी दुमडलेल्या पट्टीच्या आत घालून चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारायची. सुती पिशवी फाटते ती कापडात कधीच नाही, दांडीच्या मुळाशी. एकाच आडव्या टिपेवर पाच किलो बटाटे लटकले की ती टीप कापडालाच छिद्रांची रांग पाडून देते आणि दांडी पोस्टाच्या तिकिटासारखी सुटते. फुलीमुळे ओझं चार दिशांना वाटलं जातं. दोरा पॉलिस्टरचा वापरला तर हरकत नाही, सुती दोरा ओल्या मेथीच्या पाण्याने लवकर कुजतो. पिशवी शंभर टक्के सुती असल्याचा अभिमान एवढ्यासाठी सोडावा.

तळ बसता हवा असेल तर उलट्या पिशवीचे खालचे दोन कोपरे त्रिकोणी ओढून दहा सेंटिमीटरवर आडवी टीप मारा. टोमॅटो तळाशी चेंगरत नाहीत, आणि पिशवी गाडीच्या पायाशी उभी राहते.

आता यातली अडचण. कापूस पिकवायला पाणी लागतं, फवारण्या लागतात, सूत काढायला-विणायला वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशेब मांडला होता: एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत हवामानावरचा भार फिटायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्यातून दोनदा मंडई धरली तर सव्वा वर्ष. चांगली शिवलेली पिशवी हे सहज ओलांडते. पण लग्नात, वास्तुशांतीला, उद्घाटनाला नाव छापून वाटलेल्या सुती पिशव्यांचा ढीग घरात दोन-दोनदा वापरून पडून राहतो, त्यात मात्र पर्यावरणाचा तोटाच आहे. जुनी सुती साडी, धोतर, चादर यांची पिशवी या हिशेबात सगळ्यांत सरस, कारण तिचं कापड आधीच वसूल झालेलं असतं.

तागाच्या पिशव्यांकडे जरा संशयाने बघा. आत बोट फिरवून पाण्याचा थेंब टाका. थेंब मुरला तर ताग. मोत्यासारखा घरंगळला तर आतून प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला आहे. ती धुता येत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत तो पापुद्रा सालपटासारखा निघून धान्यात मिसळतो.

घडी घालून मुठीएवढी होणारी पॉलिस्टरची पिशवी शुद्धतावाद्यांना चालत नाही. ती प्लास्टिकच्याच धाग्याची आहे हे खरं. पण पिशवी घरी विसरणाऱ्यांसाठी तीच कामाची. गाडीच्या डिकीत वर्षभर पडून राहते आणि ऐनवेळी आठ किलो उचलते.

मंडईतल्या बारक्या पिशव्या

मोठी पिशवी नेऊनही घरी प्लास्टिक येतंच, कारण शिवाजी मंडईत मिरची वेगळी, कोथिंबीर वेगळी, वाटाणा वेगळा अशा चार-पाच पातळ पिशव्या आत पडतात. खरी डोकेदुखी याच. २० बाय ३० सेंटिमीटरची २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पिशवी जेमतेम सव्वादोन ग्रॅम भरते. किलोभर व्हायला चारशेच्या वर पिशव्या गोळा कराव्या लागतील, त्याही चिखलाने माखलेल्या. कोणता भंगारवाला वाकेल? बाटली उचलली जाते, पिशवी नाल्यात राहते, तोंडाशी साठते आणि पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं की शहरात मागे फिरणाऱ्या पाण्याला वाट देत नाही. पूर ओसरल्यावर काठच्या बाभळींवर जी चिरगुटं लोंबताना दिसतात त्यांत हीच जास्त.

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्यांवर बंदी आणली, त्याच वर्षी २३ जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्राच्या नियमाने ३१ डिसेंबर २०२२ पासून हातपिशवी १२० मायक्रॉनच्या खाली चालत नाही. मंडईतली बारकी पिशवी या सगळ्याच्या कितीतरी खाली आहे, आणि तरी गाठोड्यातून निघतेच.

तिला पर्याय म्हणजे जुन्या मलमलच्या किंवा विरळ सुती कापडाच्या नाडीवाल्या लहान पिशव्या, २० बाय २५ च्या, सहा पुरतात. सुती जाळीच्या तयारही मिळतात, पण जाळीतून कोथिंबिरीची माती आणि वाटाण्याची देठं गळतात. जाळी कांदे, बटाटे, लिंबं यांच्यासाठी ठीक. पालेभाजीला मलमलच. ओल्या मलमलीत गुंडाळलेली कोथिंबीर फ्रिजमध्ये प्लास्टिकपेक्षा चांगली राहते, कारण पाणी धरून ठेवते आणि घाम बाहेर सोडते. प्लास्टिकमध्ये तोच घाम पानांवर बसून ती काळी पडतात. फक्त कापड पिळून घ्या. गळतं ठेवलं तर तिथेही सडतात.

वजनाचा घोळ मात्र टाळा. पिशवी १५ ते २० ग्रॅमची असते. पाव किलो मिरची पिशवीसकट तोलली तर ६ ते ८ टक्के पैसे कापडाचे जातात. आधी पारड्यात तोला आणि मग पिशवीत ओता, किंवा इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामी पिशवी ठेवून शून्य करायला सांगा. भाजीवाल्या मावशींना हे दोनदा सांगावं लागतं, तिसऱ्यांदा त्याच पिशवी मागून घेतात.

चिकन, मटण, मासळीला स्टीलचा झाकणाचा डबा न्या, तोही मोठा. एक किलो चिकनला दोन लिटरचा डबा लागतो. दीड लिटरच्यात झाकण बसत नाही आणि शेवटी वरून पिशवी घातलीच जाते.

ताटं, पत्रावळ्या, द्रोण

थर्माकोलची ताटं आणि प्लास्टिकचे ग्लास-चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाले. त्यांच्या जागी बाजारात जे आलंय त्यात सगळ्यांत फसवं म्हणजे चंदेरी कागदी ताट. दिसायला कागद, विकायला कागद, पण वरचा चकचकीत थर हा चांदीसारखा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. कोपरा फाडा आणि पाण्यात तासभर ठेवा, पापुद्रा अखंड सुटून हातात येतो. हा माल कागदाच्या रद्दीत जात नाही, प्लास्टिकच्या भंगारात जात नाही आणि खड्ड्यात कुजत नाही. भंडाऱ्यात हजारांनी वापरला जातो. आमचा शेरा: ठेवून या.

बगॅसचं ताट म्हणजे उसाच्या चिपाडाच्या लगद्याचं, साच्यात उष्णतेने दाबलेलं. ऊसपट्ट्यात राहतो म्हणून हे आपल्याच कारखान्याचं असेल अशी समजूत होते. कारखान्यांचा बगॅस मुख्यतः त्यांच्याच बॉयलरमध्ये जळतो, वाफ आणि वीज करायला. त्यामुळे ताट कुठून आलं हे पाकिटावर वाचा. कामाला ते चांगलं आहे: भात, आमटी, कोशिंबीर, जिलबी सगळं पेलतं. दोन ठिकाणी कच्चं. मिसळीचा उकळता कट ओतून पंधरा-वीस मिनिटं ठेवला तर मधला भाग मऊ पडतो आणि एका हाताने उचलताना ताट घडी होतं. दुसरं, गरम पदार्थाच्या वाफेने ताटाच्या तळाला घाम येतो; टेबलावर कागद अंथरला असेल तर तो चिकटतो. मिसळीला, रश्श्याला खोल वाटी घ्या, ताटावर विसंबू नका. आणखी एक: लगद्याच्या काही मालात तेल मुरू नये म्हणून फ्लोरिनयुक्त रसायनं (पीएफएएस) घालतात, ती निसर्गात वर्षानुवर्षं टिकतात. घाऊक घेताना पीएफएएस नसल्याचं लेखी मागा. विक्रेता गोंधळला तर दुसरं दुकान बघा.

पोफळीच्या विरीचं, म्हणजे झावळीच्या बुडच्या रुंद आवरणाचं, ताट सगळ्यांत दणकट. त्यात काही मिसळलेलं नसतं, गळलेली विरी भिजवून, धुऊन, तापल्या साच्यात दाबलेली. रस्सा तासभर धरते. महाग आहे आणि ओलीचा फार मोठा शत्रू आहे. पावसाळ्यात गोदामात राहिलेल्या गठ्ठ्यात करडे-काळे ठिपके आणि कुबट वास हमखास असतो. गठ्ठा फोडून मधलं ताट हुंगा. वरचं नेहमीच चांगलं असतं. वापरायच्या आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून उन्हात टाका.

पळसाची हाताने टाचलेली पत्रावळ अजून मिळते आणि आमच्या लेखी एकदाच वापरायच्या वस्तूंत तिला तोड नाही. पण ती वापरायची रीत विसरली गेल्यामुळे बदनाम झाली. वाळकी पत्रावळ तशीच मांडली तर भात वाढताना तडकते. जेवणाच्या तास-दीड तास आधी गठ्ठ्यावर पाणी शिंपडून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा, पानं मऊ पडतात. चिंब करू नका, मग काड्या सैल होतात. आमटीला द्रोण दुहेरी पानाचाच हवा, आणि तोही टेकू देऊन ठेवायचा. काही पानं तडकणारच, म्हणून शंभर माणसांना ११५ धरा. यंत्रावर दाबलेल्या गुळगुळीत पत्रावळ्या घेताना उलटून बघा: काहींत पानाखाली पुठ्ठा आणि दोहोंच्या मध्ये प्लास्टिकचा कागद असतो. तो असेल तर पळसाचं पान नुसतं शोभेला. उष्ट्या पत्रावळी गुरांपुढे टाकू नका, टाचलेल्या काड्या घशात टोचतात. खड्ड्यात घाला.

भाड्याची भांडी

बारसं, डोहाळजेवण, सत्यनारायण, सव्वाशे माणसांपर्यंतचं कुठलंही कार्य असो, आमचं पहिलं मत भाड्याच्या स्टीलला. ही भांडी मंडपवाल्यांकडे असतात, काही गावांत मंडळांकडे आणि बचत गटांकडेही असतात. भाडं नगावर आणि दिवसावर. चूक होते ती संख्येत. शंभर माणसांना शंभर ताटं सांगितली की बुफेत शेवटची पंधरा माणसं ताट हातात येण्याची वाट बघत उभी राहतात. ११० ताटं, २२० वाट्या, १३० फुलपात्रं, १३० चमचे असं सांगा. पन्नास-पन्नासच्या पंगती असतील तरी ताटं शंभरच्या खाली आणू नका, कारण पहिली पंगत उठल्यावर घासून, विसळून, पुसून दुसरीला ताटं द्यायला पाऊण तास जातो.

खणांची ताटं टाळा. खणाच्या कोपऱ्यात श्रीखंड वाळलं की घासणाऱ्या बायकांचे हात दुखतात आणि ताट तरी स्वच्छ निघत नाही. साधं ताट आणि दोन वाट्या बऱ्या.

नेताना मोजून घ्या, देताना मोजून द्या, दोन्ही वेळा त्यांच्या माणसासमोर, आणि चिठ्ठीवर आकडा लिहून घ्या. हरवतात ते चमचे, आणि ते चोरीला जात नाहीत, खरकट्याबरोबर टपात जातात. खरकट्याच्या टपावर भाजीची क्रेट पालथी घालून ताट तिच्यावर आपटायला सांगा, चमचा वर अडकतो. अनामत रकमेतून जे कापलं जातं त्यातलं बरंचसं एवढ्याने वाचतं.

घासायला चार टप लावा: खरकटं काढायचा, साबणाचा, साध्या पाण्याचा, शेवटी कडकडीत गरम पाण्याचा. शंभर ताटांच्या संचाला, पाणी बदलत, साधारण ३०० ते ४०० लिटर जातं. सांगली-मिरजेत नळाला पाणी आहे तोवर यात अडचण नाही. जत-आटपाडीकडे एप्रिल-मेमध्ये टँकरवर कार्य उरकायचं असेल तर मात्र आमचं मत बदलतं. तिथे पळसाची पत्रावळ घ्या, स्टीलचा हट्ट धरू नका.

चहाचा कागदी कप

कागदी कपाला आतून प्लास्टिकचं पातळ अस्तर असतं, नाहीतर चहा बुडातून गळेल. रात्रभर पाण्यात टाका, सकाळी कागदाचा लगदा बोटाने सारला की आत पारदर्शक कपच उरतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये मोजलं होतं: ८५ ते ९० अंशांचं १०० मिलिलिटर पाणी अशा कपात १५ मिनिटं ठेवलं तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. टपरीवरचा कटिंग पाच मिनिटांत संपतो हे मान्य, पण ऑफिसात कप टेबलावर ठेवून फोनवर बोलणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

काचेचा ग्लास लोक नाकारतात त्याला कारण आहे, आणि ते टपरीवाल्यांनी ऐकायला हवं. एकाच बादलीत दिवसभर बुचकळलेला ग्लास कुणालाच नको असतो. दोन बादल्या, दुसरीचं पाणी दर पन्नास ग्लासांनी बदललेलं आणि शेवटी किटलीतल्या उकळत्या पाण्याची एक धार, एवढं दिसलं की गिऱ्हाईक स्वतः ग्लास मागतं. कुल्हड हौसेला ठीक, पण भट्टीत भाजलेली माती एका चहात फेकायची ही काही काटकसर नव्हे.

विरघळणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कचऱ्याच्या पिशव्या

पाकिटावर हिरवं पान असतं, आत दोन वेगवेगळ्या वस्तू असू शकतात. कंपोस्टेबल लिहिलेल्या, आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेल्या पिशव्या खऱ्या. ऑक्सो-बायोडिग्रेडेबल लिहिलेल्या म्हणजे साधं प्लास्टिक, त्यात ते लवकर तुकडे होऊन पडावं म्हणून घातलेलं रसायन. तुकडे होतात, नाहीसं होत नाही.

खऱ्या पिशवीचीही अट आहे. तिची चाचणी सुमारे ५८ अंशांच्या कंपोस्टमध्ये होते. एवढी ऊब मोठ्या ढिगाच्या पोटात येते, गॅलरीतल्या कुंडीत येत नाही. कुंडीत ती महिनोन्‌महिने तशीच सापडते. ओल्या कचऱ्याने दोन-तीन दिवसांत तळ मऊ पडतो, म्हणून रोज सकाळी घंटागाडीत रिकामी होत असेल तरच घ्या. वर्षभराचा साठा करू नका, उष्णतेने आणि दमटपणाने पडल्या पडल्या एकमेकींना चिकटतात.

खरं तर ओल्या कचऱ्याच्या डब्याला पिशवी लागतच नाही. तळाला वर्तमानपत्राचे दोन कागद आडवे-उभे घातले की पुरे, कागदासकट गाडीत ओता आणि डबा विसळा. हेच वर्तमानपत्र भजी, भडंग, वडापाव बांधायला मात्र नको. शाई तेलात उतरते आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ पासून त्याविरुद्ध सांगून ठेवलंय.

किरकोळीत तीन गोष्टी. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी भांडी घासायला प्लास्टिकच्या घासणीइतकीच चांगली. दर वेळी पिळून उभी टांगायची, सिंकमध्ये पडून राहिली की आठवड्यात बुळबुळीत होते. बांबूच्या टूथब्रशचा दांडा बांबूचा असला तरी केस नायलॉनचेच असतात, टाकताना ते पक्कडीने उपटा. घाण्याचं तेल घरच्या डब्यात आणायचं असेल तर लक्षात ठेवा, शेंगतेलाचं एक लिटर सुमारे ९१५ ग्रॅम भरतं: पाच लिटरच्या कॅनमध्ये पाच किलो तेल मावत नाही, साडेचार किलोच सांगा. कॅन आतून कोरडा ठणठणीत हवा, पाण्याचा अंश राहिला तर तेल गढुळतं आणि लवकर खवट होतं.

दुधाच्या पिशवीला आपल्याकडे सगळ्यांना जमेल असा पर्याय नाही. गवळी दारात येत असेल तर किटली, नाहीतर पिशवीच. पण तिचा कोपरा पूर्ण कापून काढू नका. तो नखाएवढा तुकडा कुणी उचलत नाही, थेट मोरीतून गटारात जातो. आडवी चीर द्या, तुकडा एका कडेला लटकता ठेवा. रिकामी पिशवी आडवी कापून उघडा, विसळा, दोरीवर वाळवा. स्वच्छ, कोरडी, एकाच जातीच्या जाड प्लास्टिकची पिशवी भंगारवाला किलोवर घेतो. आंबट वास मारणारी घेत नाही.